मालकी आणि वास्तव्य: सायप्रसच्या विस्थापितांना नेमके काय परत द्यायचे?

जून 2025 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी सायप्रसला गेले. निकोसियात राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदिस यांच्याबरोबर बेटाचे उत्तर-दक्षिण भाग विभागणाऱ्या हरित रेषेजवळ उभे राहून त्यांनी पलीकडचे डोंगर पाहिले, आणि मराठी समाजमाध्यमांत सायप्रस एकाएकी चर्चेत आला. 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानची उघड पाठराखण केली होती. त्या रागात आपल्याकडे एक सोपे समीकरण मांडले गेले: तुर्कस्तानने बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बळकावला आहे, बेटावरच्या बहुसंख्य ग्रीक भाषक समाजाची, म्हणजे ग्रीक सायप्रियटांची, घरे लुटली आहेत, ती त्यांना परत मिळाली की न्याय झाला. याला उत्तर देणारे 1963 पासूनचे अल्पसंख्य तुर्की सायप्रियटांचे हाल सांगतात आणि झाले ते झाले, आता दोन राष्ट्रे माना, असे सुचवतात. दोन्हीकडून बोलले जाते ते राष्ट्रांबद्दल. ज्याचे घर गेले त्या माणसाला आज काय हवे आहे आणि त्या घरात आज राहणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मालमत्तेचा हक्क आणि वास्तव्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पन्नास वर्षे त्यांची एकच मोट बांधल्यामुळे विस्थापितांना दोन्हींपैकी एकही धड मिळालेला नाही. सायप्रसच्या कोणत्याही नागरिकाला बेटाच्या कोणत्याही भागात राहायला जाता आले पाहिजे आणि त्यावर टक्केवारीची मर्यादा असता कामा नये. पण अमुक घर, अमुक बाग मूळ मालकाच्याच ताब्यात परत गेली पाहिजे, हा सरसकट नियम होऊ शकत नाही. तिथे आज कोण राहते, ते तिथे कसे आले, हे बघूनच निवाडा करावा लागेल.

थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण अर्धाच सांगितला तर निष्कर्षही अर्धाच निघतो. 1960 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात तीनच वर्षांत, डिसेंबर 1963 मध्ये, दोन समाजांत हिंसाचार उसळला. सुमारे 25,000 तुर्की सायप्रियट आपली गावे सोडून संरक्षित वस्त्यांमध्ये कोंडले गेले आणि पुढची अनेक वर्षे तिथेच राहिले. 15 जुलै 1974 ला ग्रीसच्या लष्करशाहीने राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव घडवला, पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि ऑगस्टमधल्या दुसऱ्या मोहिमेने बेटाची फाळणी झाली. दीड लाखाहून बरेच अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले. चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले, त्यांतले बरेच तशी मुभा देणाऱ्या 1975 च्या व्हिएन्ना समझोत्यानंतर. 1983 मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. सुरक्षा परिषदेने 541 क्रमांकाच्या ठरावाने ते अवैध ठरवले, आणि तुर्कस्तानखेरीज आजही कोणी त्याला मान्यता देत नाही.

आता ग्रीक सायप्रियटांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. बंदुकीच्या जोरावर हाकलून दिलेल्या माणसाची मालकी काळ लोटला म्हणून संपत नाही, संपली तर आक्रमकाला फक्त वाट पाहत बसायचे आहे. हे पूर्णपणे खरे आहे आणि न्यायालयानेही ते मानले आहे. उत्तरेतल्या किरेनियाच्या टिटिना लोइझिदू यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात तुर्कस्तानला खेचले. 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की उत्तरेच्या राज्यघटनेतले 'सोडून दिलेल्या' मालमत्ता सरकारजमा करणारे कलम कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे आणि लोइझिदू आजही मालक आहेत. नुकसानभरपाई ठरली 1998 मध्ये आणि तुर्कस्तानने ती दिली 2003 मध्ये. एका सामान्य नागरिकाने एवढ्या मोठ्या राज्यसत्तेला हिशेब द्यायला लावला, याचे मोल मोठे आहे. पण त्याच निकालातला दुसरा भाग आपल्याकडे कोणी वाचत नाही. आपल्या 'घरा'च्या हक्काचा भंग झाला, हा लोइझिदू यांचा दावा न्यायालयाने फेटाळला. ज्या जमिनीवर घर बांधायचा बेत होता ती जमीन म्हणजे घर नव्हे, असे त्यामागचे कारण. म्हणजे मालकी शाबूत, भरपाई हातात, आणि किरेनियात राहायला जाण्याचा मार्ग बंदच. मालकी जिंकूनही वास्तव्य मिळत नाही, याचा याहून ठळक दाखला कोणता हवा?

2010 मध्ये त्याच न्यायालयाने डेमोपुलोस खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले आणि ग्रीक सायप्रियटांच्या जिव्हारी ते लागले. उत्तरेत 2005 च्या कायद्याने स्थापन झालेला स्थावर मालमत्ता आयोग हा पुरेसा उपाय आहे, आधी तिथे जा, असे न्यायालयाने सांगितले. इतकी वर्षे उलटल्यावर प्रत्येक प्रकरणात जमीन परतच करायला लावणे, म्हणजे आज तिथे असलेल्या असंख्य लोकांना बेघर करणे, मनमानीचे ठरेल, हा त्यामागचा विचार होता. दक्षिणेत याला विश्वासघात म्हटले गेले. मला त्या संतापाचे कारण कळते. ज्या राज्याच्या सैन्याने हाकलले त्याच राज्याच्या छायेतल्या आयोगापुढे अर्ज घेऊन उभे राहायचे, ही मानहानी आहेच. शिवाय त्या आयोगाचा कारभार संथ. सात हजारांहून अधिक अर्ज आले, पैसे देण्यात वर्षानुवर्षे दिरंगाई झाली, आणि 2017 मध्ये जोआनू खटल्यात न्यायालयाला या दिरंगाईबद्दल तुर्कस्तानला पुन्हा दोषी धरावे लागले. तरीही न्यायालयाचा मूळ तर्क मला बरोबर वाटतो. एका विस्थापिताला न्याय देण्यासाठी दुसरा विस्थापित तयार करायचा नसतो.

उत्तरेतल्या मॉर्फूचेच उदाहरण घ्या. लिंबू-संत्र्यांच्या बागांचा हा भाग 1974 पर्यंत ग्रीक सायप्रियटांचा. तिथे आणून वसवले गेलेले अनेक तुर्की सायप्रियट दक्षिणेतल्या पाफोस भागातले. त्यांच्यातल्या कित्येकांनी 1963-64 मध्ये एकदा गाव सोडले, 1974-75 मध्ये दुसऱ्यांदा. दक्षिणेतल्या आपल्या जमिनीवरचा दावा उत्तरेच्या प्रशासनाकडे सोपवला, त्याच्या बदल्यात गुण मिळाले, त्या गुणांवर हे घर आणि ही बाग मिळाली. अशा घरात आज राहणाऱ्या आजोबांना आपण लुटारू म्हणायचे? त्यांची पाफोसची जमीन कुणाच्या ताब्यात आहे, हे न विचारताच? कायद्याच्या कागदावर त्यांचा हक्क कच्चा असेल, पण त्यांना तिसऱ्यांदा उठवणारा न्याय कोणत्या तोंडाने न्याय म्हणवून घेणार?

मात्र उत्तरेतल्या प्रत्येक ताबेदाराला हीच सहानुभूती देता येणार नाही. दक्षिणेतून विस्थापित होऊन आलेला तुर्की सायप्रियट एक. तुर्कस्तानातून आणून वसवलेला माणूस दुसरा. व्यापलेल्या प्रदेशात आपली नागरी वस्ती हलवायला चौथ्या जिनिव्हा कराराच्या 49 व्या कलमाने मनाई आहे, आणि तुर्कस्तानने ती मोडली, यात मला शंका नाही. पण तो अपराध राज्याचा आहे. त्या वस्तीत जन्मलेले, शिकलेले, आज पंचेचाळिशीत असलेले मूल त्या अपराधाचे आरोपी नाही. त्यांना कुठेही हाकलता येणार नाही, पण मूळ मालकापुढे त्यांचा दावा दुय्यमच राहील. तिसरा गट मात्र वेगळा आहे: वादग्रस्त जमीन आहे हे ठाऊक असूनही, किंबहुना त्यामुळेच ती स्वस्त आहे म्हणून, समुद्रकाठी व्हिला घेणारे परदेशी. लापिथोसमध्ये अशी जमीन घेऊन घर बांधलेल्या एका ब्रिटिश दाम्पत्याविरुद्ध मूळ मालकाने निकोसियाच्या न्यायालयातून निकाल मिळवला, आणि तो निकाल ब्रिटनमध्येही लागू होतो असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2009 मध्ये ठरवले. मला हा निकाल योग्य वाटतो. अशा खरेदीदाराची ना काही पडझड झाली, ना त्याला कुणी उठवले. त्रिकोमोच्या किनाऱ्यावर आज उभे राहणारे टॉवर तर उद्याच्या कोणत्याही न्याय्य तडजोडीची जमीनच संपवत आहेत, आणि ते थांबवण्याची मागणी तुर्की सायप्रियटांनीही करायला हवी. पाफोसच्या आजोबांची बाजू सर्वांत जास्त कमकुवत करतात ते हेच बिल्डर.

आता दुसऱ्या बाजूचा बळकट मुद्दा. तुर्की सायप्रियट म्हणतात: तुम्ही वास्तव्य सगळ्यांना खुले केले की संख्येने कितीतरी मोठा असलेला समाज उत्तरेत येईल, आणि ज्या 1963 पासून आम्ही पळालो तेच पुन्हा आमच्या दारात येईल. ही भीती खोटी नाही. ज्यांनी वस्त्यांमध्ये कोंडून दशक काढले त्यांना 'विश्वास ठेवा' एवढेच सांगणे क्रूरपणाचे आहे. म्हणूनच बेट पुन्हा एकत्र आणण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2004 च्या अन्नान आराखड्यात ग्रीक सायप्रियटांच्या उत्तरेतल्या वास्तव्यावर आधी स्थगिती आणि मग टप्प्याटप्प्याने 18 टक्क्यांपर्यंत जाणारी मर्यादा घातली होती. 24 एप्रिल 2004 च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांपैकी जवळपास 65 टक्क्यांनी होकार दिला, तर ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे 76 टक्क्यांनी नकार. नकाराची कारणे अनेक होती. पण स्वतःच्याच देशात आपल्या जमातीचा कोटा भरला म्हणून राहायला जाता येणार नाही, ही गोष्ट कोणत्या स्वाभिमानी माणसाला पटेल?

भीतीचे उत्तर वास्तव्याची दारे बंद करण्यात नाही, ते राजकीय हक्कांच्या रचनेत आहे. 1960 च्या राज्यघटनेत मतदान वास्तव्यावर नव्हतेच, ते समाजावर होते. प्रतिनिधीगृहातल्या 50 जागांपैकी 35 ग्रीक आणि 15 तुर्की, प्रत्येक समाजाची मतदारयादी वेगळी. ती राज्यघटना फसली हे खरे, पण ती लोक एकत्र राहत होते म्हणून फसली नाही. नकाराधिकार, कर, नगरपालिका यांवरच्या कोंडीतून ती मोडली. उद्या एखादे ग्रीक सायप्रियट कुटुंब किरेनियात राहिले आणि संघराज्याच्या निवडणुकीत त्यांचे मत ग्रीक यादीतच मोजले गेले, तर तुर्की सायप्रियटांची एकही जागा कमी होत नाही. मग त्या कुटुंबाला बाहेर ठेवून नेमके कशाचे रक्षण होते?

हे दोन हक्क वेगळे करता येतात याचा पुरावा दुसऱ्या एका बेटसमूहात आहे. फिनलंडच्या अखत्यारीतला ऑलंड स्वीडिश भाषकांचा. 1921 मध्ये राष्ट्रसंघाने तो फिनलंडकडेच ठेवला, पण तिथली भाषा आणि जमीन राखण्याची हमी घेतली. आजही तिथे जमीन विकत घ्यायला आणि प्रांतिक निवडणुकीत मत द्यायला ऑलंडचे रहिवासीपण लागते, आणि ते मिळायला पाच वर्षांचे वास्तव्य आणि स्वीडिश भाषा लागते. पण तिथे राहायला, काम करायला जाण्यापासून कोणी कोणाला अडवत नाही. अल्पसंख्य समाजाने आपली जमीन राखली आणि दार उघडे ठेवले. युरोपीय संघात जातानाही त्यांनी ही व्यवस्था मान्य करून घेतली. सायप्रसमध्ये आपण नेमके उलटे केले आहे: मालकीवर मोठमोठे निकाल आणि वास्तव्याला कुलूप.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ते म्हणतात, परत जाणार कोण? ज्यांना घर आठवते ते म्हातारे झाले, मुले दक्षिणेतल्या लिमासोलला नोकऱ्या करतात, तेव्हा सगळ्यांना पैसे द्या आणि विषय मिटवा. बॉस्नियाचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. तिथले युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने विस्थापितांना घरे परत मिळण्याचा हक्क दिला, दोन लाखांहून अधिक मालमत्तांचे दावे पुढच्या दशकात निकाली निघाले, युद्धोत्तर जगात हे यश विरळाच. तरीही असंख्य लोकांनी किल्ली हाती घेऊन ते घर विकले आणि स्वतःच्या समाजाची बहुसंख्या असलेल्या गावी कायमचे राहिले. बरोबर. पण यातून निष्कर्ष काय निघतो? विकायचे की राहायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. बहुतेक लोक जाणार नाहीत, म्हणून कोणालाच जाऊ द्यायचे नाही, हा तर्क कुठला?

इथे मला जनरल थिमय्या आठवतात. 1964 पासून सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे ते प्रमुख होते आणि डिसेंबर 1965 मध्ये त्याच बेटावर त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या सुमारे दशकभर आधी, कोरियन युद्धानंतर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22,000 हून अधिक युद्धकैद्यांच्या तटस्थ राष्ट्र आयोगाचे ते अध्यक्ष होते. दोन्ही बाजूंची राष्ट्रे कैद्यांना आपली मालमत्ता समजत असताना त्या आयोगाने एक तत्त्व धरले: प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचे. अंमलबजावणी सदोष होती, छावण्यांत दहशत होती, आणि परतीची वाट थोड्यांनीच धरली. पण प्रश्न माणसाला विचारला गेला. सायप्रसच्या विस्थापितांना पन्नास वर्षांत तो कोणी विचारला? त्यांच्या वतीने दोन नेते बंद खोलीत बसतात, 2017 च्या स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंतानाच्या वाटाघाटींपर्यंत बसत आले, आणि किती टक्के लोक कुठे राहतील याचा सौदा करतात.

आपल्याकडच्या चर्चेबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. 'विस्थापिताची मालकी कधीच संपत नाही' असे ठणकावून सांगणाऱ्यांनी आपल्याच कायद्यांकडे पाहावे. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान दोघांनीही निघून गेलेल्यांच्या मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे सोपवल्या आणि त्यातून आलेल्यांचे पुनर्वसन केले. आपण 1954 च्या कायद्याने त्या मालमत्तांवरचा मूळ मालकांचा हक्क थेट संपवला. कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचे उल्हासनगर झाले, त्यांना मालकी मिळाली, धंदे उभे राहिले, कोणी पिढ्यान्‌पिढ्या निर्वासित म्हणून अडकून पडले नाही. हे त्या धोरणाचे श्रेय. पण सिंधमध्ये परत राहायला जायचे का, हे त्यांनाही कोणी विचारले नाही. पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्ता सरकारच्या ताब्यात ठेवणाऱ्या शत्रू मालमत्ता कायद्याची गोष्ट तर याहून कठोर आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महमूदाबादच्या राजांच्या, म्हणजे एका भारतीय नागरिकाच्या, वारसाहक्काच्या बाजूने निकाल दिला. 2017 च्या दुरुस्तीने तो हक्क पूर्वलक्षी प्रभावाने पुसून टाकला. अशा मालमत्ता मुंबईतही आहेत. निकोसियात जे तत्त्व आपल्याला अटळ वाटते, ते लखनौ आणि मुंबईत का वाटत नाही? तुर्कस्तानवरचा राग हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

आणि दक्षिणेचे काय? आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले, युरोपीय संघाचे सदस्य असलेले सायप्रस प्रजासत्ताक यात निर्दोष नाही. तुर्की सायप्रियटांनी मागे ठेवलेल्या मालमत्ता 1991 च्या कायद्याने गृहमंत्र्यांच्या पालकत्वाखाली आहेत. मालकी त्यांचीच मानली जाते, पण परिस्थिती 'सामान्य' होईपर्यंत, काही अपवाद सोडता, त्यांना ती विकता किंवा वापरता येत नाही. त्या घरांमध्ये राहणाऱ्या ग्रीक सायप्रियट निर्वासितांनाही मालकी मिळालेली नाही. उद्या परत जायचे आहे, या आशेच्या नावाखाली त्यांचे आजचे घर कायमचे तात्पुरते ठेवले गेले. निर्वासित दर्जा कित्येक वर्षे फक्त बापाकडून मिळत असे. विस्थापित आईच्या मुलांना निर्वासित कार्ड नाकारले जाई. 2015 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. किरेनियातून पळालेल्या मुलीचे घर गेलेच नव्हते, असे सरकार इतकी वर्षे तिच्या मुलांना सांगत होते. विस्थापितांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राज्याला हे शोभते का?

तोडगा निघेपर्यंत हातावर हात धरून बसायची गरज नाही, हेही दोन्ही बाजूंनी थोडेथोडे दाखवले आहे. 23 एप्रिल 2003 ला हरित रेषेवरचे मार्ग खुले झाले आणि हजारो लोक आपापली जुनी घरे पाहायला गेले. अनेक ठिकाणी त्या घरात राहणाऱ्यांनी दार उघडून त्यांना आत बोलावले, कॉफी दिली. जुने फोटो जपून ठेवून परत देणारेही निघाले. दंगली झाल्या नाहीत. तेव्हापासून ग्रीक सायप्रियट दिवसभर उत्तरेत फिरू शकतो, पण तिथे घर भाड्याने घेऊन कायमचा राहू म्हणाला तर मोकळेपणाने राहू शकत नाही. कार्पास द्वीपकल्पातल्या रिझोकार्पासोत 1974 नंतरही मागे राहिलेले काहीशे ग्रीक सायप्रियट कसे जगले, त्यांच्या मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी आईबाप सोडून दक्षिणेला कसे जावे लागत होते, हे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या 2001 च्या निकालात नोंदलेले आहे. 2004 मध्ये तिथे ग्रीक माध्यमिक शाळा सुरू झाली, आणि त्याने तुर्की सायप्रियटांचे काहीही बिघडले नाही. 2017 मध्ये उत्तरेच्या प्रशासनाने मॅरोनाइट ख्रिस्ती समाजाला आपल्या जुन्या गावांत राहायला परत येऊ देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी ना शांतता करार लागला, ना टक्केवारी. जे कोर्माकितीच्या मॅरोनाइटाला देता येते ते रिझोकार्पासोत वाढून आज दक्षिणेतल्या लार्नाकात राहणाऱ्या शिक्षिकेला का देता येत नाही? तिचे जुने घर भरलेले असेल तर ती दुसरे भाड्याने घेईल आणि घराच्या किमतीचा दावा आयोगापुढे वेगळा चालेल. निकोसियाच्या सरकारने त्याच आठवड्यात पाफोसच्या तुर्की सायप्रियट वारसाला त्याच्या जमिनीवरचा निर्णय घेण्याची मुभा द्यावी. ते करायला अंकाराची संमती लागत नाही.